निषेध आणि निधि

युद्ध नको असें म्हणणारीं माणसें प्रत्येक शहरांत असतात. वर्तमानपत्र वाचून तीं हळहळतात, शेजाऱ्यापाशीं चार शब्द बोलतात आणि दुसऱ्या दिवशीं आपापल्या कामाला लागतात. या हळहळीचें कार्यांत रूपांतर कसें करावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. ज्यांच्या हातीं अधिकार नाहीं, पदरीं फारसा पैसा नाहीं, अशा दहापांच माणसांनीं युद्धाचा निषेध करावयाचा म्हणजे नेमकें काय करावयाचें? आणि त्याच माणसांनीं युद्धांत होरपळलेल्यांसाठीं निधि जमवावयाचा तर तो कोणत्या रीतीनें? या दोन्ही प्रश्नांवर प्रकाश टाकणारें एक उदाहरण १९१९ सालीं लंडनमध्यें घडलें. तें थोडें तपशिलानें पाहूं.

ता. ११ नोव्हेंबर १९१८ रोजीं पहिल्या महायुद्धांतील तोफा थांबल्या. परंतु दोस्त राष्ट्रांनीं शत्रूच्या प्रदेशाभोंवतीं घातलेली समुद्रावरील नाकेबंदी त्याबरोबर उठली नाहीं. तहावर सह्या होईपर्यंत तें शस्त्र हातचें सोडूं नये, असा मुत्सद्द्यांचा हिशेब होता. मार्च १९१९ नंतर कांहीं धान्य आंत जाऊं लागलें, तरी जर्मनीची नाकेबंदी पुरती उठली ती जुलै १९१९ मध्यें. मुत्सद्द्यांच्या या हिशेबांत लहान मुलांचा आंकडा कोठेंच धरलेला नव्हता. व्हिएन्नासारख्या शहरांत मुलांना दूध मिळेनासें झालें, आणि मुडदूस व क्षय यांनीं घरेंच्या घरें ग्रासलीं.

ही गोष्ट इंग्लंडांतील सामान्य गृहस्थाला कशी कळावी? एग्लंटाइन जेब यांच्या धाकट्या भगिनी डोरोथी बक्स्टन यांनीं युद्ध चालू असतांनाच परदेशी वृत्तपत्रांतील उतारे भाषांतरित करून ‘केंब्रिज मॅगेझीन’ या नियतकालिकांत छापण्याचा उपक्रम चालविला होता. स्वतः जेबबाई १९१३ सालीं मॅसिडोनियांत निर्वासितांच्या मदतीसाठीं जाऊन आल्या होत्या. म्हणजे या दोघींनीं रस्त्यावर पाऊल टाकण्यापूर्वीं माहिती जमविण्यांत कित्येक वर्षें घालविलीं होतीं. निषेध करूं इच्छिणाऱ्या मंडळाचें पहिलें काम हेंच होय. सभेंत कोणी उलट प्रश्न विचारला, तर “हें तुम्हांला कोठून कळलें?” याचें उत्तर मंडळांतील प्रत्येकाला देतां आलें पाहिजे. ज्याला तें देतां येत नाहीं, त्याच्या हातीं पत्रकांचा गठ्ठा देऊं नये.

१९१९ च्या आरंभीं नाकेबंदीविरुद्ध ‘फाइट द फॅमिन कौन्सिल’ या नांवाची समिति स्थापन झाली. एप्रिल महिन्यांत जेबबाईंनीं लंडनच्या ट्रफाल्गर चौकांत पत्रकें वाटलीं. पत्रकावर उपासमारीनें सुकून गेलेल्या एका ऑस्ट्रियन बालकाचें चित्र होतें. लांबलचक युक्तिवाद त्यांत नव्हता. हें आमच्या नाकेबंदीमुळें झालें आहे, एवढाच त्याचा आशय. युद्धकाळच्या राज्यसंरक्षणाच्या कायद्याप्रमाणें अशा पत्रकाला सरकारी तपासनिसाची मंजुरी लागे, आणि ती घेतलेली नव्हती. जेबबाईंवर खटला झाला. कायद्याच्या दृष्टीनें आपली बाजू लंगडी आहे हें ओळखून त्यांनीं स्वतःच आपली कैफियत मांडली व सारा भर नीतीच्या प्रश्नावर दिला. ता. १५ मे रोजीं त्यांना पांच पौंड दंड झाला. शिक्षा याहून पुष्कळ मोठी होऊं शकली असती. खटला चालविणारे सरकारी वकील सर आर्चिबाल्ड बॉडकिन यांनींच दंडाएवढी रक्कम त्यांच्या हातीं ठेविली, असें त्यांच्या चरित्रांत सांगतात. ती रक्कम निधीची पहिली देणगी ठरली.

त्यानंतर चौथ्याच दिवशीं, ता. १९ मे रोजीं, अल्बर्ट हॉलमध्यें जाहीर सभा भरली आणि ‘सेव्ह द चिल्ड्रन फंड’ लोकांपुढें आला. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. निषेधाची समिति आणि मदतीचा निधि हीं दोन कामें निराळीं करण्यांत आलीं. नाकेबंदी उठवावी हें ज्याला मान्य नाहीं, अशा गृहस्थालाहि उपाशी मुलासाठीं एक शिलिंग द्यावासा वाटणें शक्य आहे. त्याचा शिलिंग राजकीय पत्रकें छापण्यांत खर्च झाला, तर ती त्याची फसवणूक होईल. उलटपक्षीं, देणगीदार दुखावतील या भयानें निषेधाची भाषा मवाळ केली, तर मुलांना उपाशी ठेवणारें धोरण तसेंच चालूं राहील. पुढें दोघी बहिणींनीं हें ओझें वांटून घेतलें: निधीची धुरा एग्लंटाइनबाईंनीं वाहिली, आणि डोरोथीबाई राजकीय चळवळीकडे वळल्या.

या दोहोंतलें श्रेष्ठ कोणतें, असा वाद पुष्कळ मंडळांत होतो, आणि त्या वादांत चांगलीं मंडळें फुटतात. दुधाच्या डब्यानें नाकेबंदी उठत नाहीं, हें खरें. पण नाकेबंदी उठेपर्यंत मूल वाट पाहूं शकत नाहीं, हेंहि तितकेंच खरें. म्हणून दोन्ही कामें चालावींत. मात्र दोहोंच्या वह्या व पेट्या वेगळ्या असाव्यात.

पैशाच्या बाबतींत नियम जितके साधे तितके बरे. वर्गणीला जातांना दोघांनीं मिळून जावें. रक्कम आण्याची असो कीं शंभर रुपयांची, पावती तेथल्या तेथें फाडावी. पेटीला मोहोर असावी आणि ती मंडळाबाहेरच्या एका गृहस्थासमक्ष फोडावी. खजिनदार व अध्यक्ष एकच नसावेत. गाण्याचा जलसा किंवा नाटकाचा प्रयोग ठेवला, तर नाट्यगृहाचें भाडें, छपाई व दिवाबत्ती वजा जातां काय उरलें, तें आठ दिवसांच्या आंत जाहीर करावें. निषेधाच्या सभेचेंहि तसेंच. पोलिसांना आगाऊ कळवावें, जागा व वेळ ठरवून घ्यावी, मागणी एकच ठेवावी आणि ती एका वाक्यांत बसेल अशी असावी.

आक्षेप येणारच. ‘शत्रूच्या मुलांना कशाला पोसावें?’ आणि ‘आधीं घरचे गरीब पाहा’ हे दोन आक्षेप कोणत्याहि देशांत चुकत नाहींत. १९२१ सालीं रशियांत भयंकर दुष्काळ पडला, तेव्हां या फंडानें सप्टेंबर महिन्यांत ‘टॉर्सेलो’ जहाजानें सुमारें ६०० टन माल तिकडे पाठविला. ‘डेली एक्सप्रेस’ या दैनिकानें दुष्काळाची हकीकत अतिरंजित असल्याचें सांगून मदतीला विरोध केला. फंडानें वादावादींत वेळ न दवडतां छायाचित्रकार धाडून प्रत्यक्ष दुष्काळी भागाचा चित्रपट घेतला आणि तो गांवोगांवच्या सभागृहांत दाखविला. शंकेला पुराव्यानें उत्तर मिळालें, व दान देणाऱ्याला आपला पैसा कोठें पोंचतो तेंहि दिसलें.

आपल्याकडेहि या कार्याचें उदाहरण आहे. जपानच्या आक्रमणाशीं झुंजणाऱ्या चीनसाठीं ता. ७ ते ९ जुलै १९३८ या दिवसांत हिंदुस्थानांत ‘चीन दिन’ पाळून २२,००० रुपये जमविण्यांत आले. त्यांतून पांच डॉक्टरांचें वैद्यकीय पथक चीनला गेलें. त्या पथकांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. ९ डिसेंबर १९४२ रोजीं चीनमध्येंच त्यांचा अंत झाला. परमुलखांतील जखमी माणसांसाठीं येथल्या लोकांनीं दिलेलें द्रव्य किती दूरवर पोंचलें, हें त्यांच्या नांवावरून आजहि कळतें.

जेबबाई १९२८ सालीं जिनीव्हा येथें वारल्या. त्यांनीं मसुदा केलेला बालकांच्या हक्कांचा जाहीरनामा राष्ट्रसंघानें १९२४ सालींच स्वीकारला होता. ज्या बाईला पत्रकें वाटल्याबद्दल दंड झाला, तिचे शब्द पांच वर्षांनीं राष्ट्रांच्या सभेनें आपले म्हटले. प्रत्येक मंडळाच्या वांट्याला एवढें यश येईल असें नाहीं. बहुतेकांच्या पत्रकांनीं एकहि तोफ थांबत नाहीं. तथापि चोख हिशेब ठेवून पाठविलेला दुधाचा डबा एका मुलाच्या ओठांपर्यंत जातो, आणि युद्ध सर्वांना मान्य होतें असें पुढच्या पिढीला म्हणतां येत नाहीं. एवढ्यासाठीं आठवड्यांतील एक संध्याकाळ देणें कोणत्याहि सुशिक्षित कुटुंबाला जड जाऊं नये.