डोळे लाल, थेंब टाकूनही उतरत नाहीत? थायरॉइड तपासा

मंडळी, दर्यावर जाणाऱ्याचे डोळे लाल होणं काही नवीन नाही. खारा वारा, पाण्यावरची तिरीप, रात्रीचं जागरण. मेडिकलमधून थेंब आणले की चार दिवसांत बरं वाटतं. पण महिनाभर डोळे चुरचुरत असतील, सकाळी पापण्या सुजत असतील आणि घरची माणसं "असा डोळे वटारून काय बघतोस?" म्हणत असतील, तर दोष वाऱ्याचा नसेलही. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी तपासून घ्या.

गळ्याचा आणि डोळ्यांचा काय संबंध? रोगांशी लढणारी शरीराची फौज कधी कधी आपल्याच ग्रंथीवर उलटते. याला ग्रेव्हज आजार म्हणतात. ग्रंथी जास्त काम करू लागते, वजन उतरतं, छाती धडधडते, हात थरथरतात. फौज ज्या खुणेवरून ग्रंथीला धरते, तशीच खूण डोळ्यामागच्या पेशींवरही असते. मग तिथले स्नायू आणि चरबी सुजते. खोबण हाडाची, मागे जागा नाही, म्हणून डोळा पुढे ढकलला जातो. झोपेतही पापणी नीट मिटत नाही, डोळा सुकतो. स्नायू ताठरले की एकाचे दोन दिसतात. रात्री एका दिव्याचे दोन दिवे दिसणाऱ्या तांडेलाने होडी हाकली तर काय होईल, ते तुम्हांला सांगायला नको. बरं वाटेपर्यंत सुकाणू दुसऱ्याच्या हाती द्या.

हा आजार बायकांना जास्त होतो, पण पुरुषांना झाला तर बहुधा जोरात होतो. मासळी खाल्ल्याने होतो का? नाही, रोजची मासळी सोडू नका. सोडायची ती बिडी-सिगारेट. धुराने आजार वाढतो आणि औषधही कमी लागू पडतं.

आधी रक्ताची थायरॉइड तपासणी. ती नॉर्मल आली तरी डोळ्यांचा त्रास असू शकतो, त्यामुळे डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवाच. थायरॉइडच्या गोळ्या मनाने बंद करू नका. मात्र त्या चालू असताना ताप आला, घसा दुखला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. किरणोत्सारी आयोडीन देण्याचं ठरलं, तर डोळ्यांचा त्रास आधी सांगा, त्याने तो वाढू शकतो.

त्रास थोडा असेल तर दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री जेल, उशी जरा उंच आणि होडीवर बाजूने बंद असलेला गॉगल एवढ्यावर भागतं. सूज जास्त असेल तर शिरेतून स्टिरॉइड देतात, बहुतेक वेळा आठवड्याला एक असे १२ आठवडे. २०२० साली अमेरिकेत टेप्रोटुमुमॅब या नव्या इंजेक्शनला मंजुरी मिळाली, पण ते फार महाग. ऑपरेशन शक्यतो सूज शांत झाल्यावरच. त्याला वर्ष-दोन वर्षंही लागतात, तेव्हा घाई करून उपयोग नाही.

घाई करायची ती एकाच वेळी. रंग फिके दिसू लागले, नजर अंधुक झाली, तर मागची नस दबत असू शकते. तेव्हा भरती-ओहोटी बघत बसू नका, त्याच दिवशी बांबोळीला जीएमसीत किंवा जवळच्या मोठ्या इस्पितळात जा. जाताना दोन-तीन वर्षांपूर्वीचा चेहऱ्याचा फोटो न्या. डोळे किती पुढे आलेत ते डॉक्टरांना त्यावरून पटकन कळतं.