किंबर्लीच्या पश्चिमेकडून आलेले रुग्ण

किंबर्ली म्हटले की हिरे आठवतात. पण १९५० नंतरच्या काही वर्षांत दक्षिण आफ्रिकेतल्या या गावच्या क्षयरोग रुग्णालयात डॉ. स्लेग्ज यांना भलतेच कोडे पडले होते. क्षयावरची नवी औषधे नुकतीच हाती आली होती. छातीत पाणी झालेले रुग्ण त्यांनी बरे होऊन घरी जात. किंबर्लीच्या पूर्वेकडून येणारे तरी जात. पश्चिमेकडून येणाऱ्यांपैकी काहींच्या छातीत मात्र कितीही वेळा पाणी काढले तरी पुन्हा भरे, वजन घटत जाई आणि औषधाचा काही उपयोग होत नसे. क्षयाचे जंतू माणसाचा पत्ता विचारून वागत नाहीत. मग हे काय होते?

१९५६ मध्ये जोहान्सबर्गला डॉ. ख्रिस्तोफर वॅग्नर या तरुण विकृतिशास्त्रज्ञाने सोन्याच्या खाणीवरच्या एका कामगाराचे शवविच्छेदन केले. निदान क्षयाचे होते. छाती उघडली तर एका बाजूचे अख्खे फुफ्फुस जाड, चिकट गाठीने वेढलेले. हा मेसोथेलिओमा, म्हणजे फुफ्फुसावरच्या पातळ आवरणाचा कर्करोग. तो इतका दुर्मीळ की असा काही स्वतंत्र रोग असतो, हेच कित्येक विकृतिशास्त्रज्ञांना मान्य नव्हते. याच कामगाराच्या फुफ्फुसात ॲसबेस्टॉसच्या खुणाही सापडल्या. वॅग्नर, स्लेग्ज आणि शल्यविशारद मार्शंड यांनी आपापल्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा पश्चिमेचा अर्थ लागला. त्या दिशेला निळ्या ॲसबेस्टॉसच्या टेकड्या होत्या.

निळा ॲसबेस्टॉस दिसायला देखणा. दगड फोडला की आतून लोकरीसारखे तंतू सुटतात. त्याचे ‘क्रोसिडोलाइट’ हे नावही लोकरीच्या ग्रीक शब्दावरूनच पडले. जळत नाही, गंजत नाही, सूत काढून विणता येतो. लंडनच्या केप कंपनीने १८९३ पासून या तंतूचा धंदा मांडला. पुरुष खाणीत उतरत आणि बाहेर बायका व मुले हातोडीने दगड ठेचून तंतू मोकळे करत. प्रिस्का, कुरुमान अशा गावांच्या आसपास टाकाऊ चुऱ्याचे ढीग साचले. पोरांना ते घसरगुंडीसारखे.

१९६० मध्ये या तिघांनी ३३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एक सोडून सगळ्यांचा निळ्या ॲसबेस्टॉसशी कधी ना कधी संबंध आलेला असावा, असे त्यातून दिसले. खरा धक्का त्यापुढचा होता. यातल्या कित्येकांनी खाणीत एक दिवसही काम केलेले नव्हते. ते केवळ त्या भागात जन्मले, वाढले आणि काही तर लहानपणीच गाव सोडून गेले होते. म्हणजे नुसता व्यवसाय विचारून भागणारे नव्हते. माणसाचे बालपण कुठे गेले, हे विचारावे लागणार होते.

इतक्या वर्षांनी रोग का उपटतो, याचे उत्तर तंतूच्या आकारात आहे. दगड घासला की भुकटी पडते. ॲसबेस्टॉस मात्र उभा चिरत चिरत डोळ्यांना न दिसण्याइतका बारीक होतो. श्वासाबरोबर तो खोल जातो आणि काही तंतू आवरणापर्यंत पोहोचतात. शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी त्याला गिळू पाहतात, पण लांब तंतू त्यांच्या तोंडात मावत नाही. अर्धवट गिळलेल्या त्या काडीभोवती दाह धुमसत राहतो, पेशींच्या जनुकांची मोडतोड होत राहते. वीस, तीस, चाळीस वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा धाप लागते, छाती दुखते. तोवर बहुतेकांच्या हाती वर्ष-दीड वर्षच उरलेले असते. विडी-सिगारेटचा या रोगाशी संबंध नाही, पण ॲसबेस्टॉस आणि धूम्रपान एकत्र आले की फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका मात्र अनेक पटींनी वाढतो.

१९६५ मध्ये लंडनमध्ये म्यूरिएल न्यूहाउस आणि हिल्डा थॉम्प्सन या संशोधकांनी ७६ मेसोथेलिओमा रुग्णांचा माग काढला. त्यातल्या नऊ जणांचा संबंध एवढाच, की घरातले कुणीतरी ॲसबेस्टॉसच्या कामावर होते. बहुतेक जणी नवऱ्याचे कामाचे कपडे धुणाऱ्या बायका. एका घरची हकीकत वाचताना थांबायला होते. बहीण कारखान्यात सूत काततेय आणि घरात आठ-नऊ वर्षांचा भाऊ. बहीण १९४७ मध्ये ॲसबेस्टॉसच्या धुळीने फुफ्फुसे निकामी होऊन गेली, भाऊ १९५६ मध्ये मेसोथेलिओमाने.

पुढचे सगळे संथपणे घडले. दक्षिण आफ्रिकेतल्या पीडितांना केप कंपनीवर इंग्लंडमध्ये खटला चालवण्याची मुभा तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने २००० मध्ये दिली. दक्षिण आफ्रिकेने ॲसबेस्टॉसवर बंदी घातली ती २००८ मध्ये. कॅनडात तर ‘ॲसबेस्टॉस’ याच नावाचे गाव होते. त्याने २०२० मध्ये नावच बदलून टाकले.

भारताची तऱ्हा निराळी आहे. खाणींचे नवे परवाने बंद, पण ॲसबेस्टॉसचा पांढरा प्रकार परदेशातून लाखो टनांनी येतो आणि मुख्यतः सिमेंटच्या पत्र्यात जातो. मेसोथेलिओमाच्या बाबतीत पांढरा निळ्याहून कमी घातक मानला जातो, तरी तोही कर्करोगकारकच, असे जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संस्था सांगते. गोठ्यावरचा धडधाकट पत्रा पाहून घाबरायचे कारण नाही, कारण तंतू सिमेंटमध्ये जखडलेले असतात. तो करवतीने कापला, छिद्रे पाडली, फोडून भरावात टाकला की ते सुटतात. जुना पत्रा उतरवायचा तर पाणी मारून, बोल्ट काढून, अख्खा उतरवावा. मुंबईत दारूखान्याला जुनी जहाजे तोडणाऱ्यांचा धोका याहून मोठा. त्या बोटींच्या पाइपांवर, बॉयलरवर ॲसबेस्टॉसचे लेप असत.

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ॲसबेस्टॉस उद्योगाला आदेश दिला: प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यातले जे नंतर संपेल तोवर जपून ठेवायची. हिशेब अचूक होता. रोगाला लागणारा वेळ त्यात धरला होता. पण ही नोंद कारखान्याच्या हजेरीपटावर नाव असलेल्याची. मुकादमाच्या सांगण्यावरून चार दिवस पत्रे कापून पुढच्या साइटवर गेलेल्या माणसाची नोंद कुठेच नसते. तीस वर्षांनी त्याच्या छातीत पाणी झाले, तर आपल्याकडे पहिला संशय क्षयाचाच येणार, आणि बहुतेक वेळा तो खराही असेल. औषधाने गुण येईनासा झाला, तर मात्र त्याला जुन्या कामांबद्दल कुणीतरी विचारायला हवे. आणि ते चार दिवस त्यालाही आठवायला हवेत.