मूत्रमार्गातील अडथळा : वेदना थांबली तरी तपासणी हवी

ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी त्र्यंबकेश्वरहून नाशिककडे वाहत जाते. प्रवाहाच्या वाटेत अडथळा आला की पाणी मागे फुगते, हे या परिसरातील प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. मानवी शरीरातही असेच घडू शकते.

मूत्रपिंडात तयार झालेले मूत्र प्रथम नरसाळ्यासारख्या पोकळीत जमते व तेथून २५ ते ३० सेंटिमीटर लांबीच्या मूत्रवाहिनीतून मूत्राशयात उतरते. नरसाळे व नळी जेथे जुळतात ती जागा काहींच्या बाबतीत जन्मतःच अरुंद असते. काहींच्या बाबतीत जवळून जाणारी रक्तवाहिनी तिच्यावर दाब देते. मग मूत्र तुंबते, मूत्रपिंड फुगते आणि त्याची कार्यशक्ती हळूहळू क्षीण होते.

या विकाराचे दुखणे फसवे असते. उन्हातून आलेले मूल भरपूर पाणी पिते आणि थोड्या वेळाने कुशीत किंवा पोटात कळ येऊन उलटी होते. काही तासांनी कळ शमते. 'वायू धरला होता' असे म्हणून घरचे लोक ती गोष्ट विसरतात. परंतु वेदना शमली म्हणजे अडथळा दूर झाला, असे नव्हे. दुसरे मूत्रपिंड निरोगी असल्यास लघवीही नेहमीप्रमाणे होत राहते. त्यामुळे एक मूत्रपिंड निकामी होत असल्याचा सुगावाही लागत नाही.

वारंवार कुशीत दुखणे, लघवीतून रक्त जाणे, पुनःपुन्हा होणारा मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग किंवा तान्ह्या बाळाच्या पोटात लागणारी गाठ, यांपैकी काहीही आढळल्यास सोनोग्राफी करून घ्यावी. थंडी वाजून ताप येणे व कुशीत दुखणे ही लक्षणे एकत्र दिसल्यास किंवा लघवी बंद झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

प्रत्येक रुग्णास शस्त्रक्रिया लागतेच असे नाही. अनेक अर्भकांची सूज नियमित देखरेखीखाली आपोआप ओसरते. मूत्रपिंडाचे कार्य किती उरले आहे, हे विशेष स्कॅनद्वारे समजते. आवश्यक तेथे अरुंद भाग काढून नळी पुन्हा जोडतात. १९४९ साली अँडरसन व हाइन्स यांनी वर्णिलेली ही पद्धती आजही प्रमाण मानली जाते. शस्त्रक्रियेच्या वेळी आत ठेवलेली तात्पुरती नळी काही आठवड्यांनी काढून घेण्यास मात्र विसरू नये.

प्रथम ग्रामीण रुग्णालयात दाखवावे. तेथून जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मिळते. शाळांतील व अंगणवाड्यांतील बालकांची तपासणी २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके करतात. पथक शाळेत येईल त्या दिवशी, वरचेवर पोट धरून बसणाऱ्या मुलाचे नाव शिक्षकांनी आवर्जून सांगावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या लाभाविषयी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे चौकशी करावी व शिधापत्रिका सोबत ठेवावी. पंचायत सदस्यांनी एवढी माहिती पाड्यापाड्यावर पोचविली, तर एखाद्या बालकाचे मूत्रपिंड वेळीच वाचू शकेल.