विश्लेषण : मुलांसाठी पहिली रिमोट कार घेताना किमतीआधी सुटे भाग का पाहावेत?

वाढदिवसाला आलेली रिमोट कार पहिल्या दिवशी घरभर धावते, दुसऱ्या दिवशी सोफ्याच्या पायावर आपटते आणि महिनाभरात माळ्यावर जाते. बिघाड अनेकदा मामुली असतो. गिअरचा एखादा दात तुटलेला असतो, वायर सुटलेली असते किंवा बॅटरी चार्ज होत नसते. पण नेमका तो भाग कुठेच मिळत नाही आणि हजार-दीड हजारांची वस्तू भंगारात जाते. मुलाचा उत्साहही तिच्याबरोबर मावळतो. त्यापेक्षा जोडता, उघडता आणि दुरुस्त करता येईल असे किट घ्यावे, असा विचार मग पालक करतात. मात्र ‘रिमोट कार किट’ या एकाच नावाखाली बाजारात अगदी वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. साधारण ८ ते १२ वर्षांच्या मुलासाठी परवडणारी पहिली गाडी निवडताना काय पाहावे, याचा हा आढावा.

खेळण्यातली गाडी आणि ‘हॉबी’ गाडी यांत फरक काय?

दिसायला दोन्ही सारख्याच असतात. फरक पोटात असतो. खेळण्यातल्या गाडीत संदेश पकडणारा रिसीव्हर आणि मोटर चालवणारे सर्किट बहुधा एकाच छोट्या बोर्डावर असते. बोर्ड जळाला की गाडी संपली. स्वस्त गाड्यांत नियंत्रणही ‘चालू-बंद’ पद्धतीचे असते. बटण दाबले की गाडी पूर्ण वेगाने पळते आणि वळण दिले की चाके पूर्ण वळतात. मधले काही नाही. त्यामुळे मूल गाडी ‘चालवायला’ शिकत नाही, फक्त सोडते आणि थांबवते.

हॉबी प्रकारच्या गाडीत रिसीव्हर, मोटर, चाके वळवणारा सर्व्हो आणि वेगनियंत्रक (याला सगळे ‘ईएससी’ म्हणतात) हे भाग वेगवेगळे असतात. एक बिघडला तर तेवढाच बदलता येतो. ट्रिगर जितका दाबाल तितकाच वेग मिळतो, चाक जितके फिरवाल तितकेच वळण मिळते. गिअर, शॉक-अ‍ॅब्सॉर्बर, पुढच्या चाकांचे आर्म असे नेहमी तुटणारे भाग क्रमांकानिशी सुटे विकले जातात. याची किंमत अर्थातच जास्त असते. पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी साधे खेळणे पुरेसे आहे. पण ज्या मुलाला खेळणी उघडून पाहायची सवय आहे, त्याच्यासाठी हा फरक महत्त्वाचा ठरतो.

किटच्या खोक्यात काय असते आणि काय नसते?

‘रेडी टू रन’ म्हणून विकली जाणारी गाडी जोडलेली येते. तिच्याबरोबर रिमोट असतो, बहुतेक वेळा बॅटरी आणि चार्जरही असतो. ‘किट’ म्हणजे सुट्या भागांचा डबा. तो जोडण्याचे काम घरी करायचे असते आणि पालकांची फसगत इथेच होते, कारण बहुतेक किटमध्ये रिमोट, रिसीव्हर, सर्व्हो, बॅटरी आणि चार्जर यांपैकी काहीच नसते.

जपानच्या तामिया कंपनीचे ‘ग्रासहॉपर’ हे याचे जुने उदाहरण. नवशिक्यांसाठी १९८४ मध्ये आलेली ही १/१० आकाराची बग्गी २००५ मध्ये कंपनीने पुन्हा बाजारात आणली. रचना साधी आहे, ताकद फक्त मागच्या चाकांना मिळते. बॉडी कडक प्लास्टिकची असल्याने रंगवली नाही तरी चालते. अनेक रस्ता-गाड्यांच्या किटमध्ये मात्र पारदर्शक पॉलिकार्बोनेटची बॉडी येते. ती आतून रंगवावी लागते आणि त्यासाठी वेगळा रंग विकत घ्यावा लागतो. रिमोट-रिसीव्हरचा जोड, सर्व्हो, बॅटरी, चार्जर आणि रंग यांचा खर्च मिळून कधी कधी किटच्या किमतीच्या जवळ जातो. म्हणून दोन किटची तुलना करताना खोक्यावरचा आकडा पाहून चालत नाही. गाडी प्रत्यक्ष धावेपर्यंतचा एकूण खर्च मांडावा लागतो.

कमी पैशांत गाडी घरीच जोडता येते का?

येते, आणि भारतात ते सोपे आहे. शाळा-महाविद्यालयांच्या रोबोटिक्स स्पर्धांमुळे त्याचे भाग सहज मिळू लागले आहेत. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्ली ही त्यासाठीची ओळखीची ठिकाणे. इतर गावांत ऑनलाइन मागवता येतात. पिवळ्या रंगाच्या गिअरवाल्या दोन मोटर (दुकानात त्यांना ‘बीओ मोटर’ म्हणतात), अ‍ॅक्रिलिकची पट्टी, दोन चाके आणि एक फिरते चाक, ‘एल२९८एन’ हा मोटर ड्रायव्हर, ‘आर्डुइनो उनो’ बोर्ड आणि ‘एचसी-०५’ ब्लूटूथ मॉड्यूल एवढ्यात गाडी उभी राहते. रिमोटचे काम मोबाइल करतो.

अशी गाडी रणगाड्यासारखी वळते. एका बाजूची मोटर थांबली की दुसरी बाजू पुढे जाते आणि गाडी फिरते. तिचा वेग कमी असतो, घराबाहेरच्या खडीवर ती चालत नाही. पण तिचा प्रत्येक भाग डोळ्यांसमोर असतो आणि कुठलाही भाग थोडक्या पैशांत बदलता येतो.

यात दोन गोष्टी आधी माहीत असाव्यात. पहिली, ‘एल२९८एन’ ड्रायव्हर स्वतःच सुमारे २ व्होल्ट खातो. चार साधे सेल लावले तर ६ व्होल्टपैकी जेमतेम ४ व्होल्ट मोटरपर्यंत पोहोचतात आणि गाडी रेंगाळते. मोटर खराब आहे, असा समज मग होतो. त्याऐवजी पुन्हा चार्ज होणारे ६ ‘एए’ सेल लावले तर ७.२ व्होल्ट मिळतात, मोटरला सुमारे ५ व्होल्ट मिळतात आणि काम नीट होते. दुसरी, ‘एचसी-०५’ अँड्रॉइड फोनला जोडले जाते, आयफोनला नाही. घरात फक्त आयफोन असेल तर वाय-फाय असलेला ‘ईएसपी३२’सारखा बोर्ड घ्यावा.

आकार आणि वेग किती असावा?

१/१०, १/१८, १/२४ हे आकडे खऱ्या गाडीच्या तुलनेतले प्रमाण सांगतात. ४ मीटर लांबीची गाडी १/१० मध्ये ४० सेंटिमीटर होते, १/१८ मध्ये २२ आणि १/२४ मध्ये सुमारे १७. घरात किंवा गॅलरीत खेळायचे असेल तर १/२४ किंवा १/१८ पुरेशी आहे. सोसायटीचे आवार किंवा मैदान जवळ असेल तर १/१६ ते १/१० चा विचार करता येतो. लहान चाकांची गाडी पेव्हर ब्लॉकच्या फटीत आणि गवतात अडकते, हेही ध्यानात ठेवावे.

जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरात वेग छापलेला असतो, पण पहिल्या गाडीसाठी त्याला सर्वांत कमी महत्त्व द्यावे. ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात साडेपाच मीटर जाते. मुलाला ब्रेक सुचायला अर्धा सेकंद लागला, तर तेवढ्यात ती जवळजवळ ३ मीटर पुढे गेलेली असते. सोसायटीच्या आवारात ३ मीटरवर भिंत असते, उभी स्कूटर असते किंवा दुसरे मूल असते. त्यामुळे ब्रशलेस मोटरच्या वेगवान गाड्या नंतरसाठी ठेवाव्यात. साधी ब्रश मोटर स्वस्त असते, बदलायला सोपी असते आणि शिकण्यासाठी पुरते.

बॅटरीचा हिशेब कसा करायचा?

बॅटरीवर ‘एमएएच’मध्ये क्षमता लिहिलेली असते. ५०० एमएएचची बॅटरी असेल आणि गाडी सरासरी २ अँपिअर वीज घेत असेल, तर ती १५ मिनिटे चालेल. तीच बॅटरी २५० मिलिअँपिअरच्या यूएसबी केबलने भरायला दोन तासांहून अधिक वेळ लागतो. म्हणजे पंधरा मिनिटांचा खेळ आणि दोन तासांची वाट. पहिल्या आठवड्यात मुलाचा हिरमोड होण्याचे हे मोठे कारण आहे. म्हणून जास्त वेगाच्या मॉडेलवर पैसे घालण्यापेक्षा त्याच गाडीची दुसरी बॅटरी घेणे फायद्याचे. बॅटरी बाहेर काढता येते का आणि तिचा प्लग नेहमीच्या प्रकारचा आहे का, हे त्यासाठी आधी पाहावे लागते.

पहिल्या गाडीत ‘निकेल मेटल हायड्राइड’ बॅटरी असेल तर उत्तम. ती जड असते, पण वापरातल्या चुका बऱ्यापैकी सहन करते. लिथियम बॅटरी हलकी आणि जोरकस असते, मात्र तिची शिस्त कडक आहे. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टच्या वर भरायचा नाही आणि साधारण ३ व्होल्टच्या खाली उतरू द्यायचा नाही. ठरावीक पातळीला मोटर बंद करणारी सोय वेगनियंत्रकात असावी लागते. चार्जर त्याच प्रकारच्या बॅटरीचा असावा. चार्जिंग गादीवर किंवा सोफ्यावर नको, फरशीवर करावे आणि घरात मोठे माणूस जागे असताना करावे. खेळून गरम झालेली बॅटरी थंड होऊ द्यावी, मगच चार्जिंगला लावावी. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये, टोचू नये, कचऱ्यातही टाकू नये. ती ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी. उघडे लिथियम सेल घरच्या जोडणीत वापरायचे असतील तर ते काम मुलाकडे सोपवू नये.

आयएसआय चिन्ह आणि आयात शुल्काचा संबंध काय?

खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश, २०२० हा १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. १४ वर्षांखालील मुलांसाठीच्या खेळण्यांवर त्यानुसार आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. विजेवर चालणाऱ्या खेळण्यांसाठी ‘आयएस १५६४४’ हे मानक आहे. खेळणे म्हणून विकल्या जाणाऱ्या रिमोट कारवर हे चिन्ह पाहावे. खोक्यावर ‘१४+’ लिहिलेले असेल तर ती वस्तू लहान मुलांचे खेळणे म्हणून बनवलेली नाही, असा त्याचा अर्थ. अशी गाडी मुलाला देऊच नये असे नाही, पण शेजारी मोठे माणूस हवे. घरात तीन वर्षांखालील भावंड असेल तर स्क्रू, बेअरिंग आणि बटण सेल त्याच्या हाती लागणार नाहीत, ही खबरदारी घ्यावी.

चांगली गाडी महाग वाटण्यामागे आयात शुल्कही आहे. खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेले. परदेशी संकेतस्थळावरची किंमत पाहून इथल्या किमतीचा अंदाज बांधला तर तो चुकतो.

रिमोट २.४ गिगाहर्ट्झचा असावा. भारतात या पट्ट्यात कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवाना लागत नाही. त्याचा रोजचा फायदा वेगळाच आहे. जुन्या २७ मेगाहर्ट्झच्या दोन गाड्या शेजारी आल्या की एकाच्या रिमोटने दुसऱ्याची गाडी हलू शकते. २.४ गिगाहर्ट्झच्या रिमोटची जोडी आपापल्या गाडीशी जुळलेली असते, त्यामुळे मित्रांबरोबर एकत्र खेळता येते.

जोडणीत मुलाने किती करायचे?

आठ-नऊ वर्षांचे मूल चित्र पाहून भाग शोधू शकते, स्क्रू बसवू शकते, चाके लावू शकते. गिअरचा डबा, वायरची जोडणी आणि चाकूने भाग कापणे यात मोठ्यांचा हात हवा. सोल्डरिंग असेल तर ते मोठ्यांनी करावे. पहिल्यासाठी सोल्डरिंग नसलेले किट निवडणे अधिक सोपे. जोडणी एका बैठकीत संपवण्याचा हट्ट नको. रोज एक पान, असे दोन आठवडे काम चालले तरी बिघडत नाही. स्क्रूच्या खाचेत नीट बसणारा स्क्रू ड्रायव्हर मात्र आधी घ्यावा. तोंड झिजलेल्या ड्रायव्हरने खाच गेली की तो भाग पुन्हा उघडत नाही आणि दुरुस्त होणारी गाडी घेण्याचा हेतूच फसतो.

दुकानात कोणते प्रश्न विचारावेत?

पहिला प्रश्न : या गाडीचा मागचा गिअर आणि पुढच्या चाकाचा आर्म सुटा मिळतो का, आणि केवढ्याला? उत्तरात भागाचा क्रमांक आणि किंमत आली तर गाडी दुरुस्त होणारी आहे. ‘तुटतच नाही’ असे उत्तर आले तर दुसरे दुकान पाहावे. दुसरा : बॅटरी निघते का, दुसरी मिळते का? तिसरा : धावण्यासाठी यात आणखी काय घ्यावे लागेल? दुकानदाराची परवानगी असेल तर रिमोटचे चाक अगदी थोडे फिरवून पाहावे. पुढची चाकेही थोडीच वळली तर नियंत्रण प्रमाणशीर आहे. ती झटक्यात पूर्ण वळली तर गाडी ‘चालू-बंद’ प्रकारची आहे.

खर्चाची वाटणीही आधी ठरवून ठेवावी. समजा, ५ हजार रुपये बाजूला काढले आहेत. त्यातले ४ हजार गाडीवर आणि १ हजार दुसरी बॅटरी, गिअर आणि चांगल्या स्क्रू ड्रायव्हरसाठी, ही विभागणी सगळे पैसे एकाच खोक्यावर घालण्यापेक्षा शहाणपणाची. ४ हजारांत सुटे भाग मिळणारी गाडी सापडत नसेल तर दोन पर्याय उरतात. एक, घरी जोडायच्या ‘बीओ मोटर’च्या गाडीपासून सुरुवात करणे. दुसरा, हॉबी गाडी वापरलेली घेणे. तिचे भाग बाजारात मिळत असतील तर जुनी असण्याने फारसे बिघडत नाही. घेण्याआधी तिची बॅटरी फुगलेली नाही ना आणि गिअरमधून करकर आवाज येत नाही ना, एवढे तपासून घ्यावे.