विश्वाच्या बाल्याची साक्ष

इंग्लंडांतील बी. बी. सी. च्या नभोवाणीवरून २८ मार्च १९४९ रोजीं ज्योतिःशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांचें भाषण झालें. विश्वाचा आरंभ एका विशिष्ट काळीं झाला, या मतास त्यांनीं त्यांत ‘बिग बँग’ म्हणजे ‘महास्फोट’ असें नांव दिलें. नवल हें, कीं तें मत त्यांना स्वतःस मुळींच मान्य नव्हतें! विश्व अनादि असून त्यांत नवें द्रव्य सतत निर्माण होतें आणि त्याचें स्वरूप कायम राहतें, असा त्यांचा पक्ष होता.

विश्व प्रसरण पावत आहे, याविषयीं मात्र वाद नव्हता. जी दीर्घिका जितकी दूर, तितका तिचा आपणांपासून दूर जाण्याचा वेग अधिक, हें एडविन हबल यांनीं कॅलिफोर्नियांतील माउंट विल्सन वेधशाळेंतून १९२९ सालींच दाखविलें होतें. फुगा फुगूं लागला, म्हणजे त्यावरील शाईचे ठिपके परस्परांपासून दूर सरतात, तसाच हा प्रकार होय.

मग निर्णय कशानें व्हावा? विश्व एके काळीं अतितप्त असेल, तर त्या उष्णतेचा कांहीं अंश आजहि उरला पाहिजे. तो निरपेक्ष शून्याहून सुमारें ५ अंश वर असावा, असें गणित आल्फर व हर्मन यांनीं १९४८ सालीं मांडलें. पण तिकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं.

पुढें १९६४ सालीं अमेरिकेंतील होल्मडेल येथें पेन्झियास व विल्सन यांना शिंगाच्या आकाराच्या एका मोठ्या एरियलमध्यें क्षीण खरखर आढळली. रात्रंदिवस, सर्व दिशांस ती सारखीच! आंत कबुतरांनीं घर केलें होतें. त्यांना हुसकून विष्ठाहि साफ केली. तरी खरखर थांबेना. अखेर प्रिन्स्टनच्या शास्त्रज्ञांशीं विचारविनिमय झाला व उलगडा झाला. ती यंत्राची खोड नव्हती. तें विश्वाच्या बाल्यांतील तेज होतें! आरंभानंतर सुमारें ३ लक्ष ८० हजार वर्षांनीं विश्व निवून पारदर्शक झालें. तेव्हां मोकळा झालेला प्रकाश प्रसरणाबरोबर ताणला जाऊन आतां सूक्ष्मलहरींच्या रूपानें पृथ्वीवर पोहोंचतो. १९८९ सालीं सोडलेल्या ‘कोबी’ उपग्रहानें त्याचें तपमान सुमारें २.७ अंश ठरविलें.

या पुराव्यानें बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या पक्षास मिळाले. हॉइल व त्यांचे कोल्हापुरास जन्मलेले शिष्य जयंत नारळीकर यांनीं मात्र आक्षेप सोडले नाहींत. आणि अशा आक्षेपांमुळेंच सिद्धांतास पुनःपुन्हा कसोटीस उतरावें लागतें. विश्वाचें वय आज सुमारें १३८० कोटी वर्षें मानितात. त्या आरंभाचें कारण कोणतें, हा प्रश्न अद्यापि अनुत्तरितच आहे.