पोट नेमके कोठे दुखते? उदरप्रदेशांची नावे व त्यांचे अर्थ

'पोटात दुखते' ही निवासी शाळेत वारंवार ऐकू येणारी तक्रार होय. परंतु पोट हा एकच अवयव नव्हे. तो अनेक अवयवांचा प्रदेश आहे. म्हणून वैद्यकशास्त्र दोन उभ्या व दोन आडव्या कल्पित रेषांनी त्याचे नऊ विभाग पाडते. त्यांची परकी नावे बोजड वाटली, तरी अर्थ साधे आहेत.

'हायपोकॉन्ड्रियम' म्हणजे बरगड्यांच्या कूर्चेखालचा भाग. त्यात उजवीकडे यकृत, तर डावीकडे प्लीहा असते. खिन्नतेचे मूळ येथेच आहे, असे प्राचीन ग्रीक वैद्य मानीत. त्यातूनच आजाराच्या निष्कारण धास्तीला 'हायपोकॉन्ड्रिया' हे नाव पडले. या दोहोंमधला 'एपिगॅस्ट्रियम' म्हणजे पोटाचा वरचा भाग. सर्वांत खालचा मधला 'हायपोगॅस्ट्रियम' म्हणजे आपले ओटीपोट. लुगड्याची ओटी जेथे येते, ते पोट. 'इलियाक' या नावामागील लॅटिन शब्दाचा अर्थ कूस असाच आहे.

'कूस' हा शब्द संस्कृतात 'कुक्षि', तर पालीत 'कुच्छि' असा आढळतो. पालीत मातेच्या उदरालाही 'कुच्छि' म्हणतात. आपणही 'आईची कूस' म्हणतो. 'नाभि' हा शब्द बेंबी आणि चाकाचा मधला तुंबा या दोन्ही अर्थी येतो. लॅटिन 'अंबिलिकस' त्याचाच दूरचा भाऊबंद. 'नाळ' म्हणजे मुळात कमळाचा देठ. 'बेंबीच्या देठापासून ओरडणे' यातही तोच देठ आहे. 'पोट' मात्र प्राकृतातील 'पोट्ट' होय. तेलुगूत 'पोट्ट', कन्नडात 'होट्टे' असे त्याचे सोयरे आहेत.

खुद्दकपाठातील बत्तीस शरीरभागांच्या यादीत अन्त म्हणजे आतडे, यकन म्हणजे यकृत आणि पिहक म्हणजे प्लीहा यांची नावे आहेत. कार्ले, भाजे, बेडसे येथील लेण्यांच्या सावलीत वाढणाऱ्या आपल्या मुलांनी हे ध्यानी घ्यावे, की शरीराचा प्रत्येक भाग तेथे न लाजता, न गौरविता, केवळ नावाने सांगितला आहे.

आपल्या लोणावळ्यात १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केले आणि उड्डियान व नौली या उदरक्रियांचा क्ष-किरणांच्या साहाय्याने अभ्यास केला. नौलीचे मध्यम, दक्षिण व वाम असे प्रकार आहेत. पूर्वाभिमुख उभे राहिल्यास उजवा हात दक्षिणेकडे येतो, म्हणून 'दक्षिण' म्हणजे उजवा. वैद्यकातही उजवे-डावे रुग्णाचे मोजतात, पाहणाऱ्याचे नव्हे.

हे शब्दज्ञान केवळ पांडित्यासाठी नाही. आंत्रपुच्छाच्या दाहात वेदना बहुधा बेंबीभोवती सुरू होते व काही तासांनी उजव्या कुशीच्या खालच्या भागात सरकते. 'आधी बेंबीपाशी होते, आता उजवीकडे खाली आहे' एवढे सांगता आले, तर डॉक्टरांना निदानाचा मोठा आधार मिळतो. अशा वेळी मुलास जुलाबाचे औषध न देता तत्काळ रुग्णालयात न्यावे. ओटीपोटातील वेदना लाजेपोटी लपविणाऱ्या मुलींनाही हे शब्द निःसंकोच उच्चारता आले पाहिजेत.

पालकांनी घरी आणि आम्ही वसतिगृहात बरगडीखाली, बेंबी, कूस, ओटीपोट हे शब्द मुलांना स्वतःच्या पोटावर बोट ठेवून शिकवावेत, एवढीच विनंती.