व्हिडिओ खेळयंत्र : घरगुती दुरुस्ती

व्हिडिओ खेळयंत्र, घरगुती दुरुस्ती : दूरचित्रवाणी संचाला जोडून पडद्यावरील खेळ खेळण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इलेक्ट्रॉनीय यंत्रातील बिघाड मालकाने स्वतः शोधून दूर करणे. अशा यंत्रांतील अनेक बिघाड संकलित मंडलांत नसून झिजणाऱ्या, धूळ धरणाऱ्या किंवा तापणाऱ्या भागांत असतात. त्यामुळे ते साध्या अवजारांनी घरी दूर करता येतात. या कामास दोन मर्यादा पडतात : एक विद्युत् धक्क्याच्या धोक्याची व दुसरी उत्पादकाने घातलेल्या बंधनांची.

घरगुती खेळयंत्रांचा प्रारंभ अमेरिकेतील मॅग्नाव्हॉक्स कंपनीच्या ‘ओडिसी’ने (१९७२) झाला. निन्टेन्डो या जपानी कंपनीचे ‘फॅमिली कॉम्प्युटर’ १९८३ मध्ये जपानात व त्याचे बदललेले रूप १९८५ मध्ये अमेरिकेत विक्रीस आले. भारतात निन्टेन्डोचे हे यंत्र ‘समुराई’ या नावाने विकले गेले. तथापि १९९० नंतरच्या दशकात महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत पोहोचली ती मुख्यतः त्याची स्वस्त अनुकरणे. त्यांच्यामागे उत्पादकाची सेवा नसल्याने ती रेडिओ-दूरचित्रवाणी दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे जात किंवा घरीच उघडली जात. सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडवर (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) व पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत मिळतात. मुळशी तालुक्यातील कासार आंबोलीसारख्या गावाहून एखाद्या सुट्या भागासाठी पुण्यास फेरी घालावी लागते. म्हणून आधी बिघाड नेमका ओळखणे व मगच भाग आणणे हा क्रम महत्त्वाचा ठरतो.

निदान : तपासणी बाहेरून आत करतात. प्रथम भिंतीवरील खटका, दोरी, अनुयोजक (ॲडाप्टर) व दूरचित्रवाणी संचाची जोडणी पाहतात. अनुयोजकाचा दाब मल्टिमीटरने मोजतात. दुसरा अनुयोजक लावताना केवळ व्होल्ट जुळणे पुरेसे नसते. ‘फॅमिली कॉम्प्युटर’च्या अनुयोजकात मधले टोक ऋण असते, तर आजच्या बहुतेक अनुयोजकांत ते धन असते, टोके उलट झाल्यास यंत्र निकामी होऊ शकते. या यंत्रात ७८०५ क्रमांकाचा दाबनियामक असून त्याच्या निर्गम टोकाशी ५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. आत येणारा दाब योग्य असूनही ते मिळत नसतील, तर नियामक किंवा त्यापुढील मंडल सदोष समजावे.

सामान्य बिघाड : खेळाची कॅसेट न चालणे हा जुन्या यंत्रांचा नेहमीचा दोष होय. कॅसेटवर फुंकर मारण्याची पद्धत सर्वत्र रूढ होती. परंतु गुण येई तो मुख्यतः कॅसेट काढून पुन्हा बसविल्यामुळे. फुंकरीतील ओलाव्याने धातूच्या पट्ट्या गंजण्याचा संभव असतो. सह्याद्रीलगतच्या दमट पावसाळ्यात हा दोष अधिक जाणवतो. आयसोप्रोपिल अल्कोहॉलात भिजविलेल्या कापसाच्या काडीने पट्ट्या पुसून पूर्ण वाळू देणे, हा योग्य उपाय होय. काही कॅसेटींत खेळाची प्रगती जतन करण्यासाठी लहान विद्युत् घट असतो. तो बदलताना विद्युत् पुरवठा खंडित झाल्यास वर्षानुवर्षे जपलेली नोंद कायमची पुसली जाते.

बटण दाबूनही काम न झाल्यास त्याखालील रबरी गादी व कार्बनाचा संपर्कबिंदू साफ करतात. हाताच्या दांडीला स्पर्श न करताही पडद्यावरील आकृती सरकत राहिल्यास दांडीखालील विभवमापकाची कार्बन-पट्टी झिजलेली असण्याची शक्यता असते. तो भाग बदलावा लागतो. हॉल परिणामावर चालणाऱ्या दांडीत अशी घासणारी पट्टी नसते. पंख्यात धूळ साचल्याने किंवा उष्णतावाहक लेप सुकल्याने यंत्र तापून बंद पडते. सफाई व नवा लेप यांनी ते बहुधा पूर्ववत होते. फुगलेले धारित्र (कपॅसिटर) तेवढीच धारिता व तेवढा किंवा अधिक दाब सोसणारे आणून, टोके नीट पाहून बसवितात. डाखकाम करताना जागा हवेशीर असावी. शिसेयुक्त डाख (६३ टक्के कथिल) १८३° से. ला वितळते, शिसेविरहित डाखास सु. २१७° से. तापमान लागते.

मर्यादा : ज्या यंत्रांत विद्युत् पुरवठा घटक आतच असतो, त्यांत २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती दाबापासून सु. ३२५ व्होल्टचा एकदिश दाब निर्माण होतो व तो दोरी काढल्यानंतरही धारित्रात काही काळ टिकतो. प्रशिक्षण नसलेल्याने तो घटक उघडू नये, संपूर्ण बदलावा. चकतीखालील शेकडो सूक्ष्म जोडांतील दोषही घरी सुधारत नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या ‘एक्सबॉक्स ३६०’ (२००५) मधील अशा व्यापक बिघाडांमुळे कंपनीने २००७ मध्ये हमीची मुदत तीन वर्षे केली व त्यासाठी १०५ कोटी डॉलरहून अधिक तरतूद केली.

काही यंत्रांत तबकडी वाचणारा भाग मुख्य फलकाशी सांकेतिक किल्लीने बांधलेला असतो. नवा, निर्दोष भाग बसविला तरी खेळ वाचला जात नाही. अशा वेळी जुन्या भागाचा मंडलफलक नव्यावर चढवावा लागतो. अमेरिकेत २०२१ मध्ये केवळ असा तबकडी-भाग दुरुस्त करण्यापुरती ही बांधणी मोडण्यास प्रताधिकार कायद्यातून सवलत मिळाली. मात्र कॅलिफोर्नियाच्या दुरुस्ती-हक्क कायद्यातून (अंमल २०२४) खेळयंत्रे वगळण्यात आली. भारतात केंद्र शासनाने दुरुस्तीच्या हक्कासाठी जुलै २०२२ मध्ये समिती नेमली. तिने शेती अवजारे, मोबाइल फोन, टिकाऊ गृहोपयोगी वस्तू व वाहने यांना प्राधान्य दिले.

झीज ही वस्तूची स्वाभाविक गती आहे, बांधणी ही निर्णयाची बाब आहे. पहिल्यावर मालकाच्या हातात कापूस, पेचकस व मल्टिमीटर हे उपाय आहेत. दुसऱ्यावरील उपाय कायद्यातच शोधावा लागतो. दुरुस्तीपलीकडे गेलेले यंत्र भंगारात न टाकता नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे द्यावे.